छत्रीखालचा डाग: एका चित्रकर्तीच्या ब्लॉगचं प्रकरण

हे प्रकरण एका चित्राचं आहे. भिंतीला टेकवून ठेवलेली मिटलेली काळी छत्री, तिच्या टोकाशी साचलेलं पाणी, मागे पिवळी भिंत. जलरंग, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद, आकार वहीच्या पानाएवढा. माझ्या एका चित्रकार मैत्रिणीने ते २००९ साली काढलं आणि त्याच आठवड्यात ब्लॉगवर टाकलं. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, तिला एका वाचकाचा निरोप आला : "तुमची छत्री वह्यांवर पाहिली. विकायला काढलीत का?" तिने काहीच विकायला काढलं नव्हतं.

मी चित्रकार नाही. चित्रकारांच्या वेबसाइट बांधून देणं आणि मग वर्षानुवर्षं त्यांची डागडुजी करत बसणं हे माझं काम. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. चित्रकर्तीचं नाव तिच्याच इच्छेवरून देत नाही. वह्या विकणारी साइट आणि चित्रं गायब करणारी सेवा यांचीही नावं देत नाही. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी वेगळं काही घडलं नसतं.

वहीवरची छत्री उलटी होती, आरशात दिसावी तशी. मूळ चित्रात मूठ उजवीकडे झुकलेली, इथे डावीकडे. खालची सही कापलेली. भिंतीचा पिवळा भडक करत करत जवळजवळ केशरी केलेला. साइट मागणीप्रमाणे छापून देणाऱ्यांपैकी होती : कोणीही चित्र चढवावं, ते वहीवर, कपावर, टी-शर्टावर छापून गिऱ्हाइकाला पाठवायचं काम साइटचं. विक्रेत्याचं म्हणणं असं, की चित्र मोफत वॉलपेपरांच्या एका साइटवरून घेतलं आणि तिथे कोणाचंच नाव नव्हतं. हे बहुधा खरंही असावं. नाव पुसणारा एक, विकणारा दुसरा, आणि दोघांची ओळखही नाही, असंच सहसा असतं.

अशा वेळी करायचं काय, हे ठरलेलं आहे. लेखक-कलाकारांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत चित्रावरचा हक्क ते काढल्यापासूनच चित्रकाराचा असतो, नोंदणी लागत नाही. आणि मोठ्या साइट अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यातली पद्धत पाळतात. हक्कदाराने नोटीस द्यायची, साइटने चित्र उतरवायचं. समोरच्याला हरकत असेल तर त्याने प्रतिनोटीस द्यायची, आणि मग हक्कदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत चित्र परत चढतं. नोटिशीत मूळ कृती कोणती, हे दाखवावं लागतं. तिने ब्लॉगवरच्या त्या नोंदीची लिंक दिली. स्वतः उघडून न पाहता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : तुम्ही दिलेल्या पानावर कोणतंही चित्र दिसत नाही.

रात्री तिचा फोन. "अरे, माझा ब्लॉग उघड आणि तुला काय दिसतंय ते सांग."

मजकूर दिसत होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळा. मधे चार ठिकाणी राखाडी चौकटी, आणि चौकटीत ‘चित्र दाखवायचं असेल तर खातेदाराने पैसे भरावेत’ अशा अर्थाची सूचना. एक नोंद मागे गेलो, दहा मागे गेलो, वर्षभर मागे गेलो. तेच. २००८ ते २०१२ मधल्या २१४ नोंदी, आणि एकीतही चित्र नाही. चित्रकर्तीच्या ब्लॉगवर उरले होते ते फक्त शब्द.

नोंद कशी होती

आजच्या सवयीने पाहिलं तर ती नोंद भलतीच लांब वाटते. पहिला फोटो पेन्सिलीच्या रेखाटनाचा. दुसरा, भिंतीचा पिवळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिल्यानंतरचा. तिसऱ्यात घोळ : वॉश अर्धवट वाळलेला असताना ब्रशमधून पाण्याचा थेंब पडला. अशा वेळी पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि फुलकोबीच्या कडेसारखी दातेरी कड तयार होते. जलरंगात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते, आणि दाखवायची कोणालाच हौस नसते. चौथ्या फोटोत पूर्ण चित्र. डाग छत्रीच्या काळ्या कापडाखाली दडवलेला. खाली तिने लिहिलं होतं : "डाग पुसायला गेले असते तर कागद सोलवटला असता. म्हणून छत्री दोन बोटं जाड केली. पाऊस जास्त होता असं समजा."

त्याखाली १७ प्रतिक्रिया. एकाने कागद कुठला ते विचारलेलं. एकीने सविस्तर समजावलेलं, की ओल्या वॉशची चमक गेली, की तो पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. घोटाळे होतात ते त्या मधल्या वेळात. आणि एकाची एकच ओळ : "छत्री जाड झाली ते बरंच झालं, भिंत फार बोलत होती." ही ओळ पुढे कामाला आली.

तेव्हाची वहिवाट अशी होती. रविवारी नोंद टाकायची. वाचक ‘गूगल रीडर’सारख्या फीड वाचणाऱ्या साधनांतून यायचे, तिथे सगळ्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी आल्या त्या क्रमाने लागायच्या, कोणाची आधी दाखवायची हे यंत्र ठरवत नसे. बाजूला ‘ब्लॉगरोल’ नावाची यादी असायची, म्हणजे मी कोणाचं वाचते ते. एका यादीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं फिरत लोक एकमेकांपर्यंत पोचायचे. दोन-अडीचशे वाचक, त्यातले निम्मे स्वतः चित्रं काढणारे. चुका दाखवायला ही जागा बरी होती, कारण बघणाऱ्यांना त्या चुका माहीत होत्या.

आणि चित्रं दुसरीकडे का ठेवली होती? कारण तेव्हा तेच शहाणपणाचं वाटायचं. फुकट ब्लॉगवर साठवणुकीची मर्यादा होती आणि चढवलेलं चित्र बारीक करून घेतलं जायचं. चित्रं फुकट साठवून देणाऱ्या वेगळ्या सेवा होत्या. तिथे चित्र चढवायचं, तिथून मिळालेली एक ओळ ब्लॉगात चिकटवायची, झालं. वाचकाला चित्र नोंदीतच दिसायचं. प्रत्यक्षात दर वेळी ते दुसऱ्याच्या घरून मागवलं जात होतं. मीही त्या काळात अनेकांना हाच सल्ला दिलाय. तिला दिला होता का, हे आठवत नाही. ती म्हणते, दिला होता.

२०१७ मध्ये त्या सेवेने फुकट खात्यांची चित्रं बाहेरच्या पानांवर दाखवणं बंद केलं. पैसे भरा, नाहीतर राखाडी चौकट.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपलं ते पुढचं. २०१७ पासून २०२१ पर्यंत, चार वर्षं, हे तिच्या लक्षात आलं नाही. एकाही वाचकाने कळवलं नाही. एके काळी रविवारी नोंद उशिरा आली तर "बऱ्या आहात ना?" अशी मेल यायची, त्याच ब्लॉगची ही गोष्ट.

वाचक गेले कुठे

याचं सोपं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं : मोठ्या कंपन्यांनी ब्लॉग मारला. मला ते अर्धवट वाटतं. काही दारं बंद झाली, हे खरं. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं आणि तिच्या रविवारच्या वाचकांतले बरेचसे त्यानंतर परतलेच नाहीत; फीडची दुसरी साधनं होती, पण सवय एकदा तुटली की तुटली. त्याच वर्षी जानेवारीत गूगलच्या चित्रशोधाने मोठं चित्र निकालाच्या पानावरच दाखवायला सुरुवात केली. त्याआधी चित्रावर टिचकी मारली, की मागे ते चित्र असलेलं मूळ पान उघडायचं. आता चित्र बघून झालं की माणूस पुढच्या चित्राकडे. चित्रकाराच्या दारात येण्याची गरज उरली नाही. मूळ पान न उघडता नुसतं चित्र उघडून देणारं ‘चित्र पाहा’ हे बटण गूगलने पुढे २०१८ मध्ये काढून टाकलं, पण तोवर पाच वर्षं गेली होती.

तरीही, ती स्वतःच्या पायाने इन्स्टाग्रामवर गेली, आणि का जाऊ नये? एका नोंदीला तीन तास लागायचे : फोटो काढा, रंग जुळवा, बारीक करा, चढवा, ओळ चिकटवा, लिहा. फोनवर एक मिनिट. २०१३ मध्ये तिने जुनी छत्री तिथे टाकली. चौकोनी चौकटीत बसवायला खालचं साचलेलं पाणी कापावं लागलं, कारण २०१५ पर्यंत तिथे चौकोनाशिवाय दुसरा आकारच नव्हता. चित्र ६४० पिक्सेलांचं. खाली एकच शब्द, ‘छत्री’, आणि हॅशटॅगांची माळ. डाग नाही, पिवळा वॉश नाही, पाऊस जास्त होता ते नाही. कोणत्याही नोंदीला कधी मिळाली नव्हती इतकी दाद एका दुपारी मिळाली. दाद देणारे बहुतेक अनोळखी होते आणि त्यातल्या कोणीही काहीही विचारलं नाही.

ब्लॉगवर चित्र आणि त्याची हकिगत एकत्र यायची. त्या दोघांची ताटातूट इथे झाली, आणि पुढे जे जे झालं ते या ताटातुटीतून झालं असं माझं मत आहे. वॉलपेपरवाल्याने उचलली ती ही कापलेली छत्री नव्हती. वहीवर पाणी होतं, म्हणजे ती ब्लॉगवरचीच. पण मधल्या काळात एकटी फिरणारी चित्रं ही रीतच झाली होती. आवडती चित्रं टोचून ठेवायच्या पिंटरेस्ट या साइटवर एकाने टोचलेलं चित्र दुसरा उचलतो, तिसरा त्याची प्रत दुसरीकडे चढवतो, आणि दोन-तीन हातांनंतर मूळ दुवा सुटतो. फोटोच्या फाइलमध्ये नाव-तारीख भरून ठेवली तरी भागत नाही, कारण बऱ्याच समाजमाध्यमांवर चित्र चढवताना ती माहिती गळून पडते. मग बिननावाचं चित्र कोणाचं? ज्याच्या हाती पडलं त्याचं.

२०१६च्या मार्चमध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की चित्रं आता वेळेच्या क्रमाने लागणार नाहीत. कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून लागतील. २०२० मध्ये रील्स आली. चित्रांना मिळणारी नजर कमी होत गेली आणि चलत्-चित्रांना मिळणारी वाढत. ती पुन्हा बदलली. टेबलावर फोनसाठी आडवा दांडा लावला, वर दिवा. आता टप्पे पुन्हा दिसायला लागले, असं कोणी म्हणेल. चार फोटोंच्या जागी सगळं चित्रच घडताना दिसतंय की! मीही तसंच म्हणालो होतो. तिने मला एक गोष्ट दाखवली. कागदाच्या कडेला मास्किंग टेप लावतात, शेवटी ती सोलली की पांढरी स्वच्छ कड उघडी पडते. बघणाऱ्याला तो क्षण फार आवडतो. म्हणून ती कडेची गरज नसलेल्या चित्रांनाही टेप लावायला लागली होती. रंग कुठला आधी लावायचा, हेसुद्धा कॅमेऱ्याला काय छान दिसेल त्यावरून ठरायला लागलं होतं. आणि चूक झाली, की ती चित्रफीत टाकून द्यायची. तीस सेकंदांत चूक करून ती निस्तरायला जागा नसते. दातेरी डाग पडलेली एकही रील तिच्या खात्यावर नाही. कागदांवर पडलेले आहेत, मी पाहिलेत.

चित्रं परत कशी मिळाली

पुरावा गोळा करायचा म्हणजे छत्रीचे ते चार फोटो, आणि ते २००९चे आहेत हे दाखवणारी काहीतरी खूण. ब्लॉगच्या नोंदीवर तारीख होती, पण ब्लॉगची तारीख मालकाला हवी तेव्हा बदलता येते. समोरचा तिच्यावर विश्वास ठेवत नसेल तर त्यात त्याचं चुकत नाही.

आधी तिची हार्ड डिस्क चाळली. पूर्ण चित्रांचे स्कॅन होते, टप्प्यांचे फोटो नव्हते. मग ‘जुना कॅमेरा’ नावाच्या फोल्डरात डीएससी ०४१२ पासून डीएससी ०४१५ पर्यंतच्या चार फाइल सापडल्या. आम्ही दोघंही खुर्चीवरून उठलो. मग फाइलच्या आत नोंदलेली तारीख पाहिली : १ जानेवारी २००५. त्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली, की घड्याळ मूळ पदावर जायचं आणि तिने ते परत कधी लावलं नव्हतं. तारखेवर विश्वास ठेवायचा तर छत्री ब्लॉग सुरू होण्याआधी तीन वर्षं काढलेली होती. खरं बोलणाऱ्या माणसाच्या हाती खोटी तारीख, याहून वाईट पुरावा नाही. त्या फाइल आम्ही नोटिशीत घातल्याच नाहीत.

दुसरा मार्ग ईमेलचा. तिच्या नोंदी मेलने मागवणारे काही वाचक होते आणि एकीने सगळ्या मेल जपून ठेवल्या होत्या. तिने २००९ची ती मेल पुढे पाठवली. उघडली, तर त्याच राखाडी चौकटी. मेलमध्ये चित्र नव्हतंच कधी. मेल उघडली की ती त्याच दुसऱ्याच्या घरून चित्र मागवायची. मला हे आधीच सुचायला हवं होतं.

तिसरा मार्ग ‘इंटरनेट आर्काइव्ह’चं वेबॅक मशीन. १९९६ पासून ही संस्था जालावरची पानं साठवतेय, आणि साठवलेल्या प्रत्येक पानाच्या पत्त्यात १४ आकडे असतात : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. तो शिक्का मालकाने मारलेला नसतो, त्यामुळे मालकाला बदलताही येत नाही. छत्रीची नोंद तिथे होती, २००९च्या नोव्हेंबरातली, १७ प्रतिक्रियांसकट. चित्रं मात्र दुसऱ्या पत्त्यावर असल्यामुळे सगळी टिपली गेली नव्हती. चारांपैकी दोन आली : पेन्सिलीचं रेखाटन, आणि तिसरा फोटो. डागाचा.

उरलं मूळ चित्र. ते तिच्याकडे नव्हतं, २०१० मध्ये विकलं होतं. कोणाला? "भिंत फार बोलत होती" असं लिहिणाऱ्या त्याच गृहस्थांना. तेव्हा चित्रं अशीच जायची; वर्षभर प्रतिक्रिया देणारा माणूस एक दिवस विचारायचा, हे देणार का. त्यांना मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर, सोबत फोटो. त्यांनी चित्र काचेतून काढून, दिवा बाजूने धरून जवळून फोटो काढला होता, न सांगता. तिरक्या उजेडात छत्रीच्या कापडाच्या उजव्या कडेबाहेर नखाएवढी दातेरी रेघ स्पष्ट दिसत होती. दोन बोटं जाड करूनही डाग पुरता झाकला गेला नव्हता.

मग वहीवरचं चित्र परत आरशातून फिरवून सरळ केलं, केशरी उतरवला आणि मोठं करून पाहिलं. तीच दातेरी रेघ, त्याच जागी, तितकेच दाते. चोराने सही कापली होती; डाग कापायचा हे त्याला कसं सुचणार, तो डाग आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरी नोटीस दीड पानाची झाली. वेबॅकच्या पानाचा पत्ता, डागाचा २००९चा फोटो, मूळ चित्राचा जवळून काढलेला फोटो आणि वहीवरचं सरळ केलेलं चित्र, शेजारी शेजारी. पाच दिवसांत वह्या उतरल्या. प्रतिनोटीस आली नाही. किती वह्या विकल्या गेल्या ते कळलं नाही, भरपाई काही नाही. वॉलपेपरच्या साइटने एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही; छत्री तिथे अजून आहे, बिननावाची.

पुन्हा उभारणी

त्यानंतर तिने ब्लॉग परत उभा करायचं ठरवलं. मी तिला आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, कारण २१४ नोंदींमधली सहाशेच्या वर चित्रं एकेक शोधून बसवायची म्हणजे वेठबिगारी. वाचक परत येतील अशी आशा असेल तर सोडून दे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "वाचकांसाठी कुठे करतेय? मला माझी वही परत हवीय."

याने कामाची दिशाच बदलली. २००९ मध्ये ब्लॉग म्हणजे कट्टा होता, तिथे लोक बसायचे. आता त्याला कपाट म्हणा : कोणी रोज उघडत नाही, पण मागितलं की वस्तू सापडली पाहिजे, आणि ती कधीची ते लिहिलेलं पाहिजे. कट्ट्याला लागणाऱ्या गोष्टी आम्ही सोडून दिल्या. कपाटाला लागणाऱ्या घेतल्या. साइटचा पत्ता तिच्या स्वतःच्या नावाचा, तिने वर्षाला पैसे भरून घेतलेला. चित्रं आणि मजकूर एकाच जागी. फाइलींना नावं : डीएससी ०४१४ ऐवजी ‘छत्री, तिसरा टप्पा, २००९’. नवी नोंद टाकली, की वेबॅक मशीनला ते पान साठवायला तिने स्वतः सांगायचं. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि तारखेचा प्रश्न त्या जागीच मिटतो. सगळ्याची एक प्रत घरच्या डिस्कवर. इन्स्टाग्राम तिने सोडलेलं नाही. ती दुकानाची काच आहे, तिथे रील टाकायची आणि ज्याला आत यायचंय त्याच्यासाठी पत्ता ठेवायचा. आत येणारे थोडे असतात. कामं मिळतात ती मात्र बहुतेक त्या थोड्यांकडून.

काम निम्म्यावर आलं आणि २०२२ उजाडलं. शब्दांवरून चित्र काढून देणारी यंत्रं त्या वर्षी सगळ्यांच्या हाती आली. त्यांतल्या काहींचं शिक्षण लायन-५बी नावाच्या संचावर झालं होतं : ५८५ कोटी चित्रांचे पत्ते आणि प्रत्येकासोबतचं वर्णन. हे वर्णन आलं कुठून, तर जालावरच्या पानांत चित्रामागे जो पर्यायी मजकूर लिहितात तिथून. हा मजकूर मुळात अंध वाचकांसाठी. स्क्रीन वाचणारं साधन तो मोठ्याने वाचून दाखवतं. तिने जुन्या नोंदींत तो कधीच भरला नव्हता, निव्वळ आळसाने. शिवाय चित्रं २०१७ पासून बंद. म्हणजे तिच्या दोन्ही हलगर्जीपणांनी मिळून तो जुना ब्लॉग त्या संचाच्या कामाचा ठेवला नव्हता, आणि मी आता पैसे घेऊन दोन्ही दुरुस्त करत होतो.

यावर आमचं बरंच वाजलं. त्या डिसेंबरात कामं दाखवायच्या आर्टस्टेशन या साइटवर चित्रकारांनी यंत्राने काढलेल्या चित्रांविरुद्ध निषेधाची पाटी लावून पानंच्या पानं भरून टाकली होती. त्याच्या आधीच्या महिन्यात डेव्हियंटआर्ट या तसल्याच साइटने स्वतःचं यंत्र आणलं आणि चित्रकारांच्या संतापामुळे चित्रं प्रशिक्षणाबाहेर ठेवण्याबद्दलचा नियम लगोलग उलटा केला. तिला वाटत होतं, सगळंच बंद दाराआड ठेवावं. पण बंद कपाटातला पुरावा वेबॅकला दिसणार नाही, नोटीस वाचणाऱ्यालाही दिसणार नाही. शेवटी जे ठरलं ते तडजोडीचं आहे. चित्र १२०० पिक्सेलांहून मोठं टाकायचं नाही. साइटच्या रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे जालावर आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमांना (बॉटांना) सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, यंत्रांसाठी चित्रं गोळा करणाऱ्या बॉटांना मनाई लिहायची. ही सोय १९९४ पासूनची आहे आणि तिचं स्वरूप ‘आत येऊ नये’ या पाटीचं आहे, कुलपाचं नाही. ज्याला पाटी पाळायची तो पाळतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये काढलेलं ‘ग्लेझ’ तिने वापरून पाहिलं. चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करून ते यंत्राला शैली उचलू देत नाही. पण तिच्या पातळ जलरंगी वॉशांवर ते बदल तिला दिसत होते, मला दिसत नव्हते. तिने ते बंद केलं. आणि पर्यायी मजकूर? तो ती लिहिते. म्हणाली, "यंत्राच्या भीतीने आंधळ्या माणसाला चित्र सांगायचं नाही, हे काही मला जमणार नाही."

मला तो मजकूर वाचायला आवडतो, कबूल करतो. छत्रीच्या तिसऱ्या फोटोमागे लिहिलंय : "पिवळ्या ओल्या वॉशवर मधोमध फिकट डाग, कड करवतीसारखी. चित्रकर्तीने या क्षणी ब्रश खाली ठेवलेला आहे."

२१४ पैकी १९५ नोंदी आज चित्रांसह उभ्या आहेत. काही वेबॅकमधून, काही स्कॅनमधून, काही विकत घेणाऱ्यांनी फोटो काढून पाठवले म्हणून. १९ नोंदींची चित्रं कुठेच मिळाली नाहीत. त्या काढून टाकू का, असं मी विचारलं. नको म्हणाली. राखाडी चौकटी काढल्या, आणि प्रत्येक चौकटीच्या जागी तिथे काय होतं ते आठवून लिहायला बसली. बऱ्याच ठिकाणी तीन-चार ओळी आहेत. एका नोंदीत एवढंच : "इथे कपबशी होती. निळी. बाकी काही आठवत नाही."